मोठीमायचं फिरणं

कुठंही जायचं नसताना माझ्या मोठीमायइतकी चाललेली बाई अख्ख्या सौसर तहसिलीत दुसरी झाली नसेल. मोठीमाय म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. मी घरातली पहिली बी.ए.; माझ्याआधी आमच्याकडे कोणालाच अक्षर येत नव्हतं. आईवडील दुसऱ्याच्या वावरात राबत, भाकर असली तर भाजी नसे, आणि लक्षात ठेवायचं सगळं काम मोठीमायच्या डोक्याकडे. कोण कोणत्या पुरात जन्मलं इथपासून विहारातल्या वंदनेपर्यंत. नुसती ऐकून पाठ केलेली वंदना ती पुढं बसून म्हणे आणि अख्खा विहार तिच्या मागून.

एकोणीसशे ऐंशीनंतरच्या वर्षांत तिची पाळी जायला लागली आणि डोकंही सुटीवर गेलं. भर थंडीत पदरानं वारा घेई. दिवसभर बसून लहान-मोठी संत्री वेगळी करायची, तर सगळी एकाच ढिगात टाकी. मला बहिणीच्या नावानं हाक मारी, बहिणीला बकरीच्या. वर म्हणे, "कोनीबी या ना वो, पाणी पाहिजे मले!" आम्ही हसायचो. पण एका रविवारी ती वंदनेच्या मधोमध अडकली. तोंड उघडं, शब्द नाही. शेजारीण कुजबुजली, "हिचं डोकं फिरलं वाटते." तेव्हापासून मोठीमाय मागच्या रांगेत बसू लागली. घरात कोणी हसेना.

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी धीर दिला, "पाळी जाताना होते असं, मावशी. बसून नका राहू. रोज घाम येईपर्यंत फिरत जा, डोक्यालेही बरं असते."

आमच्याकडे बाई रस्त्यानं निघाली म्हणजे वावरात, बाजारात, नाहीतर मयतीला. नुसतं फिरणं कोणाला ठाऊक! मोठीमाय सकाळी शेजारच्या रामाकोना गावाच्या रस्त्याला लागली की जो तो विचारी, "कुठं चालल्या, बाई?"

"कुठीच नाई. वापस येऊन राहिली."

एका बैलबंडीवाल्यानं कीव येऊन बंडी थांबवली. ही म्हणाली, "बसूनच तं घात झाला ना, बाप्पा!" शेवटी ती शेजारीण आडवी आली. "काहून वो, खरंच डोकं फिरलं काय?"

"डोकं नाई फिरत, म्हणून मी फिरून राहिली. चाल, तूबी ये."

आणि शेजारीण खरंच सोबत निघाली! चालताना मोठीमाय वंदना म्हणे. अडली की मागच्या विजेच्या खांबापर्यंत परत येई आणि तिथून पुन्हा सुरू. शेजारीण कुरकुरे, "अशानं रामाकोना या जन्मी येत नाही." सुरुवातीला दोघी गावाबाहेरही पडत नसत. मग हळूहळू रस्ता लांबत गेला.

आता मोठीमाय नाही, आणि ते वय माझं आहे. सकाळी निघते तेव्हा मलाही कोणीतरी विचारतंच, कुठं चालल्या. उत्तर मला पाठ आहे.

ती फिरू लागली त्याच वर्षी, चौदा एप्रिलच्या जयंतीला, मोठीमाय विहारात सगळ्यांच्या पुढं बसली आणि तिनं पूर्ण वंदना म्हटली. एकाही खांबावर न अडता.