राखणीचं कुत्रं

मी पुण्यातल्या प्रयोगशाळेत एका प्रथिनाचा अभ्यास करते. रोगाशी लढणाऱ्या पेशीच्या अंगावर ते असतं. कॅन्सरच्या पेशीवरचं दुसरं प्रथिन त्याला येऊन चिकटलं की लढणारी पेशी गप्प बसते. आईला किडनीचा कॅन्सर झाला आणि नेमकं हे चिकटणं रोखणारं औषध तिला सुरू झालं.

गावाकडे, कामरगावच्या घरी मी तिला ते समजावलं. शेतात राखणीचं कुत्रं असतं, चोर त्याला भाकर टाकतो, कुत्रं भुंकत नाही. हे औषध म्हणजे कुत्र्याला बांधलेलं मुसकं, भाकर खाताच येत नाही.

"मुसकं बांधलं तं चोराले चावन कसं?" आई म्हणाली.

माझ्या उपमेचा पार बोऱ्या वाजला. "भाकर त्याच्यापर्यंत पोचत नाही, एवढं समज," मी चिडून म्हणाले. "पण असं कुत्रं कधी घरच्यांनाही चावतं. पोट बिघडलं तर लगेच फोन कर."

तिनं मान हलवली. औषध लागू पडलं, गाठ लहान झाली. आम्ही सगळे खुशीत होतो.

महालक्ष्म्यांच्या सणाला मला सुटी मिळाली नाही. नंतर घरी गेले तर आई भिंत धरून चालत होती, डोळे खोल गेलेले. जुलाब थांबत नव्हते.

"सांगितलं काहून नाई?" मी ओरडलेच.

"जेवनाच्या दिवशीपासून लागले. महालक्ष्मीचं जेवन बाधलं म्हनू का लोकायले?"

आमच्याकडे ते जेवण कुणाला बाधत नाही, असंच धरून चालतात. त्याला नाव ठेवायचं नाही म्हणून ही बाई जुलाबावर गुपचूप बेलाचा मुरंबा खात बसली होती. मला रडावं की भांडावं कळेना. जेवणाचा काही दोष नव्हता, तिच्याच पेशी तिच्या आतड्यावर उठल्या होत्या.

अमरावतीच्या दवाखान्यात स्टेरॉइड देऊन त्या पेशी शांत केल्या, जुलाब आटोक्यात आले. पण कॅन्सरचं ते औषध आता परत देता येणार नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. दुसरं काही बघू, म्हणाले.

परतताना गाडीत आईनं विचारलं, "कुत्रं बांधलं ना आता?"

"हो."

"मंग राखन कोन करीन?"

मी घाबरले होते आणि ते तिला दिसलं. तिनं माझा हात मांडीवर ओढून घेतला.

"महालक्ष्मीच्या जेवनातली आंबील मात्र औंदा चांगली झाली होती," ती म्हणाली.