खाजकुइलीची पंगत

डोंगरातली हवा चांगली असते असं कुणी म्हटलं की आजही माझं डोकं उठतं. ज्यांना ती चार दिवस खायची असते त्यांनी खुशाल म्हणावं. आम्ही ती बारा महिने खाल्ली, आणि तिच्याबरोबर काय काय पोटात गेलं ते मला विचारा.

वडील रेल्वेत नोकरीला होते. पुण्यात असताना त्यांची छाती बिघडली, डॉक्टरांनी आशा सोडली, आणि लोणावळ्याला बदली करून घेतल्यावर दोन वर्षांत ते खडखडीत बरे झाले. डोंगरानं आपल्याला वाचवलं असं त्यांनी मनाशी घेतलं. तिथवर ठीक होतं. पण आपल्याबरोबर बायकोलाही वाचवावं, दोन मुलींनाही वाचवावं, असं त्यांना वाटायला लागलं. आम्हाला काहीच झालेलं नव्हतं. ही महायुद्धाच्या आधीची वर्षं. दर रविवारी उजाडलं की आमची वरात निघे. पुढे काठी घेऊन वडील, मागे ताई, तिच्यामागे डबे सांभाळत आई, आणि शेवटी तोंड वाकडं करून मी. कधी भाज्याची लेणी, कधी कुसगावच्या मागचा माळ, आणि बहुतेक वेळा नागफणीच्या अलीकडचं कुरवंड्याचं पठार.

मला किळस फार. लहानपणापासूनच. घरात मला ‘महाराणी’ म्हणत आणि मला त्याचं काही वाईट वाटत नसे. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होत, त्या पांढऱ्या पडून सोलत. ओल्या घोंगडीचा वास केसांत शिरला की चार दिवस जात नसे. गवतातून आलं की कानामागे गोचीड लागलेला सापडे, रक्त पिऊन एरंडीच्या बीएवढा झालेला. वडील तो चिमटीत धरून उपटत आणि वर कौतुकानं आम्हाला दाखवत. डबक्यातलं पाणी ते आपल्याच धोतराच्या सोग्यातून गाळत. सोग्यावर किडे वळवळत राहत आणि खाली उतरलेलं पाणी आम्ही प्यायचं. ‘शुद्ध पाणी,’ ते म्हणत. त्या सोग्यानं त्यांनी सकाळी घाम पुसलेला मी पाहिलेला असे.

आणि आम्हा बायकांचं काय होतं, हा प्रश्न त्यांच्या मनात कधी आलाच नाही. वडिलांना सगळीकडे मोकळी हवा दिसे, आईला कुठे आडोसा दिसत नसे. पहाटेपासून संध्याकाळपर्यंत ती पाण्याचा घोट घेत नसे, का ते त्यांनी एकदाही विचारलं नाही.

ताईचं मात्र निराळं. ती दगडावरून दगडावर पाय टाकत सरळ चढत जाई, करवंदं पुसून न घेता तोंडात टाकी, गुरांमागच्या बायकांशी गप्पा मारत बसे. उन्हानं रापली होती. वर्णावरून दोन ठिकाणी नकार आला होता, आणि आई त्याचं खापर रोज वडिलांच्या डोंगरावर फोडायची. ताईला विसावं लागलं होतं. त्या काळी एवढं वय म्हणजे घरात आलेल्या माणसानं विषय काढू नये इतकं.

अशात पुण्याचं एक स्थळ आलं. मुलगा शाळेत मास्तर, स्वतःचं घर पेठेत. मला त्या मुलाशी काही देणंघेणं नव्हतं. मला ते घर दिसत होतं. ताई तिथे गेली की मी तिच्याकडे राहून मुलींच्या शाळेत जाणार, असं आईनं मला कबूल केलं होतं. फरसबंद अंगण, नळाचं पाणी, दाराला कडी असलेलं न्हाणीघर. मी रोज देवापुढे हात जोडून ताईचं लग्न मागत होते आणि मागत होते स्वतःसाठी.

मुलगी बघायला ती मंडळी येणार म्हटल्यावर आईनं पोह्यांची तयारी मनात केली. वडील म्हणाले, “कार्तिक आहे. आवळीभोजन करू. पठारावर.”

कार्तिकात आवळ्याच्या झाडाखाली जेवायची रीत आमच्याकडे होतीच. दरवर्षी आम्ही कुरवंड्याच्या पठारावर जाऊन झाडाची पूजा करून जेवत असू. पण पाहुण्यांना तिथे न्यायचं?

“मुलगी दाखवायचीय की माकडं?” आईनं विचारलं.

“मुलीला मोकळ्या हवेत पाहू देत. ती घरात बसून खाली मान घालणारी नाही, हे त्यांना कळायला हवं.”

“ते कळू नये म्हणूनच तर घरात बसवतात,” आई म्हणाली. पण वडिलांपुढे तिचं चालत नसे. पुण्याची मंडळी नव्या विचारांची निघाली, त्यांनी होकार कळवला.

त्या वर्षी अधिक महिना पडल्यानं कार्तिक उशिरा आला होता, थंडी चांगली पडली होती. नेहमीच्या आवळ्यावर खाजकुइलीचा वेल चढला होता. पावसाळा संपताना त्याला जांभळ्या फुलांचे घोस येतात, आणि मग शेंगा. शेंगांवर तपकिरी मखमल असते. ती मखमल अंगाला लागली तर माणूस कातडी सोलून काढेल इतकी खाज सुटते. वडिलांना हे ठाऊक होतं. त्यांना आणखीही एक गोष्ट ठाऊक होती, आणि तिचा त्यांना फार अभिमान होता. पहाटेच्या दवात वेल ओला असतो, तेव्हा तोडला तर शेंगांवरची ती मखमल, तिची बारीक कूस, उडत नाही. गावकऱ्यांकडून त्यांनी ते ऐकलं होतं. आदल्या दिवशी पहाटे ते कोयता घेऊन एकटेच गेले, सगळा वेल उतरवला, ओढत नेऊन कड्याच्या बाजूला एका धोंड्याआड रचला आणि अंगावर एक चट्टा न उठता घरी आले. “पाहिलंत?” ते म्हणाले. दिवसभर ते हेच सांगत होते. आई पुरणाला चटके देत पुटपुटली, “अर्ध्या हळकुंडानं पिवळे झालेत.”

पाहुणे तिघं आले. मुलगा, त्याची आई आणि त्याचा मामा. मुलगा गोरा, नीटनेटका, हातरुमाल घडी करून खिशात ठेवणारा. मला तो फार आवडला. बैलगाडीतून उतरल्यावर त्यानं आधी बूट झटकले, आणि मला वाटलं, हा आपल्यातला. मामा मात्र ओंगळ होता. पानाची पिंक टाकायचा आणि ओठांवरचा लाल थेंब जिभेनं परत आत घ्यायचा. पठारावर पोचल्यावर त्यानं ताईला म्हटलं, “जरा चालून दाखव, मुली.”

ती तीन मैल चालून आमच्या सगळ्यांच्या आधी पोचली होती. तरी ती दहा पावलं चालली आणि दहा पावलं परत आली. तेव्हा मला मामाची जितकी किळस आली तितकी गोचिडाचीही कधी आली नव्हती. पण मी तोंड बंद ठेवलं. मला नळाचं पाणी हवं होतं.

झाडाची पूजा झाली. सतरंज्या पसरल्या, पानं मांडली. पुरणपोळी, कटाची आमटी, आवळ्याचं लोणचं. जेवण उरकत आलं तेव्हा दुपारचा वारा सुटला. तो कोकणाकडून कडा चढून वर येतो, आणि धोंड्याआडचा वेल एका दिवसाच्या उन्हानं कडकडीत वाळला होता.

पहिल्यांदा मामानं मान खाजवली. मग मुलाच्या आईनं शालूच्या आतून दंड. मग मुलानं हातरुमालानं गळा पुसला, आणि पुसल्यानं ते आणखी पसरलं. पाच मिनिटांत सगळी पंगत उठून नाचायला लागली. वडील ओरडत होते, “चोळू नका, चोळू नका,” आणि स्वतः दोन्ही हातांनी पाठ ओरबाडत होते. माझ्या मानेवर तर कुणी निखारे ओतल्यासारखं झालं. मुलाच्या आईचा पदर कुठे आणि ती कुठे. मामाचा चेहरा सुजला, पानाचा रस हनुवटीवरून खाली आला. इतकी घाणेरडी पंगत मी पुन्हा कधी पाहिली नाही.

जवळच म्हशी चारणारी एक म्हातारी होती. आम्ही तिला मावशी म्हणत असू. ती धावत आली, धोंड्याकडे नजर टाकली आणि वडिलांना म्हणाली, “दवात तोडलीसा त्ये ब्येस केलं, दादा. पन तोडून हितंच ठिवली व्हय? ती लांब खड्ड्यात पुरायची असती. आन त्या झाडाखाली त्या साली कुनी बसत न्हाई.”

वडिलांना अर्धंच ठाऊक होतं. उरलेलं अर्धं गावातल्या कुणी सांगितलं नव्हतं, कारण ते सांगायची गोष्ट आहे असं कुणाला वाटलंच नसणार.

“आता श्यान लावा,” मावशी म्हणाली. “वलं लावा, वाळू द्या, मंग खरवडून काढा. कूस त्याच्यासंगं निगती. दुसरं कायबी करू नगा.”

म्हशीचं ताजं शेण तिनं दोन ओंजळी भरून आणलं. वडिलांनी सदरा काढला आणि सरळ छातीपाठीला फासायला सुरुवात केली. मावशीनं आपल्या लुगड्याचा पदर आडवा धरला, त्याआड ताईनं आईला शेण लावलं, मग स्वतःला. हातांना, मानेला, एका गालाला. आई रडत होती आणि रडता रडता म्हणत होती, “हात दाखवून अवलक्षण.”

मावशी माझ्याकडे वळली तेव्हा मी पळाले. खाज परवडली, पण ते ऊन ऊन, हिरवं, वास मारणारं अंगाला लागू देणं मला मरेपर्यंत जमलं नसतं. पाहुण्यांनीही शेणाला नकार दिला होता. ते दूर एका जांभळीखाली वेगळी सतरंजी टाकून बसले होते, खाजवत. मी तिथे जाऊन त्यांच्या सतरंजीवर बसले. मुलाच्या आईनं मला जवळ ओढलं आणि म्हटलं, “शहाणी आहेस.” मला बरं वाटलं.

तेवढ्यात ताई आली. पळसाच्या पानावर शेण घेऊन. तिच्या अंगावरचं वाळायला लागलं होतं आणि तिची खाज थांबलेली दिसत होती. ती मुलापुढे उभी राहिली आणि म्हणाली, “लावा. खरंच थांबतं.”

त्याचा गळा रक्ताळला होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं, गालावरच्या शेणाकडे पाहिलं, बसल्या जागी मागे सरकला आणि रुमाल नाकाला लावला. “नको, नको,” तो म्हणाला. अगदी सभ्यपणे. ताई माझ्याकडे वळली आणि तिनं पान पुढे केलं. मीही मान हलवली. ती पान घेऊन परत गेली.

संध्याकाळी आम्ही घरी आलो तेव्हा आई, वडील आणि ताई यांची कातडी स्वच्छ होती. मला ताप भरला आणि मान पिकली.

आठ दिवसांनी पुण्याहून पत्र आलं. मुलगी पसंत आहे, प्रकृतीनं उत्तम आहे, झाल्या प्रकाराचा आम्ही राग धरलेला नाही, मात्र लग्नानंतर मुलीला डोंगरात नेऊ नये. आईनं देवापुढे साखर ठेवली. वडिलांनी पत्र दोनदा वाचलं. पंगतीच्या दिवसापासून ते घरात चोरासारखे वावरत होते, आता पहिल्यांदा मोकळं हसले. मी मनातल्या मनात ट्रंक भरायला घेतली.

ताई म्हणाली, “मला नाही करायचं.”

तेव्हा मुलीला असं काही विचारायची पद्धत नव्हती, त्यामुळे ती सांगेल अशीही कुणाची तयारी नव्हती. वडिलांनी कारण विचारलं.

“त्यांनी नाकाला रुमाल लावला.”

“अगं, शेणाला लावला,” आई म्हणाली. “तुला नाही.”

“शेण माझ्या अंगावर होतं.”

आईनं समजावलं, रडली, दोन दिवस जेवली नाही. ताई बधली नाही. शेवटी वडिलांनीच नकाराचं पत्र लिहिलं. इतकी वर्षं ते म्हणतील ते आम्ही करत आलो होतो, या वेळी ताई म्हणाली ते त्यांनी केलं.

मी मात्र पेटले होते. ताई परसात जमीन सारवून पायरीवर येऊन बसली होती, तिथे तिला गाठलं आणि तोंडाला येईल ते बोलले. तुझ्यामुळे माझी शाळा गेली, तुला इथेच गोचिडांत सडायचंय तर सड, मला का सडवतेस. एका रुमालासाठी एवढं. तो बिचारा नुसता मागे सरकला होता.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “तू त्यांच्याच सतरंजीवर बसली होतीस. तुला नाही कळायचं.” आवाजात राग नव्हता.

माझ्या मानेवरच्या खपल्या तेव्हा फार खाजत होत्या, बोलतानाही माझा हात तिकडे जात होता. ते तिला दिसलं. तिनं आतून खोबरेल तेलाची वाटी आणली, मला शेजारी बसवलं, तेलात बोटं बुडवली आणि माझी वेणी बाजूला केली.

तिचे हात धुतलेले होते. तरी सारवणाचा वास राहतोच. मी काही ठरवलं नव्हतं, माझी मान आपोआप पुढे ओढली गेली, आणि मी पदर नाकाकडे नेला.

तिचा हात तिथेच थांबला. मी वळून पाहिलं तेव्हा ती माझ्याकडे बघत होती, आणि मी चटकन पदर खाली केला. वाटी पायरीवर ठेवून ती उठली आणि आत गेली.

तेल मी माझ्याच हातानं लावून घेतलं.