येलदरीच्या उतारावरची घंटी

अंगात येणं, भानामती, उतारा-पातारा यांतलं काहीही मी मानत नाही, हे आधीच लिहून टाकते. पंधरा वर्षं सुईणपणाचं काम करते. ज्या घरांत लोक भूतबाधा म्हणून लिंबं कापत बसतात, तिथे मला बहुतेक वेळा साधा ताप किंवा अंगात रक्त कमी असलेली बाई सापडलेली आहे. तेव्हा पुढचं वाचून कुणी मला गंडेदोरे पाठवू नयेत. चार वर्षांपूर्वी जे झालं ते जसंच्या तसं लिहिते आहे... एवढंच.

तेव्हा मी जिंतूरच्या दवाखान्यात नर्स होते. आजूबाजूच्या खेड्यांतून बोलावणं आलं की सायकलवर जायची. सायकल मर्दानी होती, पण नऊवारीचा काष्टा घातला की तिचा दांडा आडवा येत नाही. सुरुवातीला गावातले लोक "घोडेस्वार बाई चालली" म्हणून हसायचे. त्यांच्याच घरी बाळंतपणं निघाल्यावर हसणं थांबलं.

माझी सगळ्यात आवडती वाट येलदरीकडची. जिंतूर सोडलं की थोडा चढ, मग मैलोन्‌मैल सागाचं आणि पळसाचं रान, मध्ये दोन ओढे, आणि शेवटी खिंड ओलांडली की एकदम खाली पूर्णेचं खोरं. सगळी मिळून नऊ मैल. गाडीवाट होती, पण बाजाराचा दिवस सोडला तर चिटपाखरू नसायचं. त्या अख्ख्या वाटेवर दुसरी सायकल मी कधी पाहिली नाही.

नदीपलीकडे, अगदी काठाला, एक छोटं गाव आहे. तिथे जायचं तर पावसाळ्यात आणि त्यानंतरही महिना-दीड महिना काहिलीतून जावं लागे. गुळाचा रस आटवायची ती मोठी लोखंडी काहील. लक्ष्मण भोई तीत माणसं बसवून पार करायचा. आमची पद्धत ठरलेली होती. खिंड उतरताना शेवटच्या वळणावर मी सायकल थांबवून घंटी द्यायची. तीनदा, थोडं थांबून पुन्हा तीनदा. त्या खोऱ्यात आवाज लांबवर जातो. घंटी ऐकली की लक्ष्मण काहील अलीकडे आणायचा, आणि ज्या घरचं बोलावणं असेल त्या घरी चुलीवर पाणी चढायचं. मी पोचेपर्यंत पाणी उकळलेलं असे. माझा अर्धा तास वाचायचा.

दसऱ्याच्या आधीचे दिवस होते. सकाळी त्या गावच्या गंगाबाईचा धाकटा मुलगा पायी आला. घर लिंगायतांचं, वाण्याचं दुकान असलेलं. त्याची वहिनी काशी अडली होती. हे तिसरं बाळंतपण, आणि आधीची दोन्ही पोरं मेलेलीच जन्मली होती.

"रातीपासून कळा यायल्यात बाई. सुईण म्हंती पोर आडवं हाय," तो म्हणाला. "आईनं सांगितलंय, बाईला घेतल्याबिगर येऊ नको."

"मग चल माझ्याबरोबर."

"तुमी व्हा पुढं. वैनीच्या माहेरी सांगावा द्यायचाय. बरं-वाईट झालं तर तिची आई तरी जवळ पाहिजे."

तो तसाच पुढे गेला. दवाखान्यातलं एक काम उरकून मी बाराला निघाले.

पहिल्या ओढ्यात पुढचं चाक गोट्यावरून घसरलं आणि मी सायकलीसकट आडवी झाले. मला फारसं लागलं नाही. पण घंटीची वरची वाटी निखळून पाण्यात गेली आणि पुढच्या चाकाचं पंक्चर झालं. वाटी बरीच शोधली, मिळाली नाही. ठिगळ लावायला बसले तर ट्यूबमधलं सोल्यूशन वाळून दगड झालेलं. शेवटी सायकल ढकलत चालू लागले. चार मैल झाले तेव्हा एका मोहाच्या झाडाखाली थांबून हिशेब केला. अजून पाच मैल. पोचले तरी घंटी नाही, म्हणजे काहील नाही. माझा आवाज नदीपलीकडे जाणार नाही. नदी छातीच्या वर, मला पोहता येत नाही. अंधार पडला तर मी अलीकडच्या काठावर एकटी बसून राहणार, आणि काशीला त्याचा काडीचा उपयोग नाही.

घड्याळ पाहिलं. सव्वादोन झाले होते. मी सायकल वळवली आणि जिंतूरच्या दिशेने परत चालू लागले.

होय, परत निघाले. ती बाई तिकडे मरणाच्या दारात आहे हे माहीत असून.

पाव मैल गेले असेन. समोर चढ लागला. पंक्चर झालेली सायकल आणि बॅग घेऊन तो चढ चढायचं जिवावर आलं. येलदरीकडे बराचसा उतार होता, आणि नदीच्या अलीकडेच, येलदरीत, रात्री टेकायला ओळखीचं घर होतं. म्हणून मी पुन्हा वळले. काशीची दया आली म्हणून वळले असं लिहायला मला आवडलं असतं.

साडेचारच्या सुमाराला खिंड उतरले. वळणावर थांबून दोन हाका मारल्या, त्या माझ्याच कानाला पुरल्या नाहीत. तरी खाली गेले. काहील अलीकडच्या काठाला लागलेली होती, आणि लक्ष्मण वाळूत उकिडवा बसून विडी ओढत होता.

"आज घोडा पायीच आणला का बाई?" तो म्हणाला. "कवाची वाट बघायलोय. घंटी देऊन किती येळ झाला. आन तुमी तं..."

"नंतर बोल," मी म्हटलं. "आधी वल्हव."

मला वाटलं, गुराच्या गळ्यातली घंटा ऐकली असेल याने. पडलं पथ्यावर.

पलीकडे घरात गेले तर चुलीवर हंडा खळखळत होता. दारातच गंगाबाई गळ्यातलं लिंग तळहातावर धरून बसल्या होत्या. ओसरीवर त्यांचे पुरोहित जंगमस्वामी, बाळाला बांधायचं लिंग घेऊन. आत काशीचं तोंड पांढरंफटक, आणि बाळाचा एक हात कोपरापर्यंत बाहेर. काळानिळा. शेजारी म्हातारी सुईण, तिच्या पुढ्यात निखाऱ्यावर तापवलेला विळा.

विळा कशाला ते मी सांगायला नको. पोर मेलं असं ठरलं की आईला वाचवायला ते कापून काढतात.

"मी दुपारीच मोकळी केली असती," सुईण फणकारली. "हिनं माजा हात धरला."

"घंटी ऐकली ना मी, तीनदा आन पुन्ना तीनदा," गंगाबाई म्हणाल्या. "बाई आल्या, आता ईळा लावायचा न्हाई म्हनलं. तवापासून तीन डाव पाणी आटलं."

मी त्या हाताच्या तळव्याला चिमटा घेतला. बोटं हलली.

पुढचं बाळंतपण वाचणाऱ्यांना सांगण्यासारखं नाही. हात धुतले, पोर आतल्या आत वळवलं, पायांनी काढलं. काशी एकदाच ओरडली. मुलगी होती. बराच वेळ तिला चोळल्यावर ती मांजरासारखी रडली, आणि बाहेर जंगमस्वामी मंत्र म्हणायला लागले. दोघी जगल्या. त्या पोरीचा तो हात वर्षभर लुळा होता. आता त्याच हाताने ती धाकट्या भावाला मारते.

रात्री मी तिथेच राहिले. झोप आली नाही. गुराची घंटा तीनदा, मग थांबून तीनदा वाजत नाही. आणि गंगाबाईंनीही ती तशीच ऐकली होती, घरात बसून. मी त्यांना विचारलं, घंटी ऐकली तेव्हा उन्हं कुठे होती? त्यांनी अंगणातल्या तुळशीच्या कट्ट्याचा कोपरा दाखवला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी घड्याळ घेऊन अंगणात बसून राहिले. ऊन त्या कोपऱ्याला लागलं तेव्हा दोन वाजून वीस मिनिटं झाली होती.

त्या वेळी मी पाच मैलांवर होते, आणि माझी पाठ त्यांच्याकडे होती.

गंगाबाईंना मी काहीच सांगितलं नाही. त्या माझी ओटी भरत होत्या, पाया पडत होत्या. नदी पार करताना मात्र लक्ष्मणला सांगितलं, की काल माझी घंटी मोडलेली होती, मी ती दिलेली नाही. मोडकी घंटी दाखवलीसुद्धा. त्याने वल्हं थांबवलं. काहील प्रवाहात हळूहळू फिरायला लागली.

"चेष्टा करू नका बाई," तो म्हणाला. "घंटी आली म्हनून काहील घेऊन मी अलीकडं आलो. वर बघितलं तं तुमी वळणावर हुब्या. हीच सायकल, हेच पांढरं लुगडं. मी हात केला. तुमी माज्याकडं बघितलं, आन सायकल वळवून माघारी चढायला लागल्या. मी लय हाका मारल्या. मला वाटलं काई इसरलं असंल, येतील परत. म्हनून बसून ऱ्हायलो."

परत फिरल्याचं मी कुणाला, अगदी कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

डॉक्टरसाहेबांना पुढे हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, उन्हाचा भास, योगायोग. असेल. दोघांना एकच भास कसा झाला ते त्यांनी सांगितलं नाही. मी चार वर्षं विचार करते आहे, मलाही सांगता येत नाही. वळणावर कोण उभं होतं, घंटी कुणी दिली, काहीच कळलेलं नाही.

काठाला लागल्यावर लक्ष्मणने माझी सायकल उतरवून वाळूत उभी केली. मग माझ्याकडे न बघता त्याने विचारलं,

"पण बाई, माघारी कामून गेलतात?"

एवढ्या एकाच प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक होतं. ते मी त्याला दिलं नाही.