पाठ करून घेतलेली मेमरी टेस्ट

"स्कॅन स्वच्छ आहे," सिंगापूरच्या नोव्हेना भागातल्या न्यूरोलॉजिस्ट बाई म्हणाल्या, "पण हे दुसरं कन्कशन आहे. पहिलं भरून यायच्या आधीच झालेलं."

कन्कशन म्हणजे डोक्याला हिसका बसून मेंदूचं काम बिघडणं. स्कॅनमध्ये ते दिसत नाही, म्हणून काही झालंच नाही असं आपल्याला वाटतं.

मग त्यांनी विचारलं, "अशा अवस्थेत हिने क्लबची मेमरी टेस्ट पास कशी केली?"

माझी सोळा वर्षांची मुलगी इरा डोळ्यांवर हात धरून बसली होती. उजेड सहन होत नव्हता. ती म्हणाली, "बाबाने प्रॅक्टिस करून घेतली."

खरं आहे. ज्यांची मुलं हा खेळ खेळतात, त्यांच्यासाठी लिहितो आहे.

इरा इथल्या एका क्लबात रग्बी लीग खेळायची. पहिला मार बसला सरावात. कोच मुलींना ताठ उभ्यानेच, छातीच्या वर टॅकल करायला, म्हणजे चेंडू घेऊन पळणारीला धरून पाडायला शिकवायचा. चेंडूसकट हात आवळले की समोरचीला पास देता येत नाही, म्हणून. पण दोघी उभ्याने भिडल्या की दोन डोकी एकाच उंचीवर येतात. वाकून कमरेला धरायला शिकवता येतं. वेळ लागतो, एवढंच. मी विचारलं, तर इथल्या बोलीच्या ढंगात हसून म्हणाला, "रिलॅक्स लाह, अंकल. हे काय बुद्धिबळ आहे?"

मला राग आला तो 'अंकल'चा. यायला हवा होता टॅकलचा.

पुन्हा खेळू देण्याआधी क्लब चाचणी घेतो. शब्दांची यादी ऐकून परत सांगायची, महिने उलटे म्हणायचे, त्रास होतो का त्याचे रकाने भरायचे. संघाच्या निवडीचा सामना जवळ आला होता. मी पुण्यात स्कॉलरशिपच्या परीक्षा देत वाढलो. परीक्षा म्हटलं की मागच्या प्रश्नपत्रिका शोधायच्या. शब्दांच्या याद्या इंटरनेटवर मिळाल्या. चांगी बिझनेस पार्कमधल्या माझ्या ऑफिसात प्रिंट काढले आणि चार संध्याकाळी तिच्याकडून घोकून घेतले. तिला मधेच मळमळायचं. "बाळा, अजून एकदाच," मी म्हणायचो. डोकेदुखीच्या रकान्यात शून्य मीच लिहिलं.

माझी बायको मीनल म्हणाली, "अरे, ही परीक्षा नाहीये."

"सगळ्या परीक्षाच असतात," मी म्हटलं.

इरा पास झाली. निवडीच्या सामन्यात शिकवल्याप्रमाणे उभ्यानेच टॅकलला गेली. समोरचीचं डोकं तिच्या कानशिलावर आदळलं. ती पडली तेव्हा तिचे हात हवेत ताठ राहिले होते; मेंदूला मार बसल्याची ती खूण असते, हे मला नंतर कळलं.

पुढे अकरा दिवस पडदे ओढलेली खोली. फोन नाही, पुस्तक नाही. नंतर अर्धं पान वाचलं तरी उलटी. शाळेची शेवटची परीक्षा पुढच्या वर्षावर गेली.

क्लबला पत्र लिहिलं. काखेच्या वर टॅकल शिकवणं बंद करा, आणि चाचणी क्लबशी संबंध नसलेल्या डॉक्टरांना घेऊ द्या. उत्तर आलं, जोखमीच्या फॉर्मवर तुमची सही आहे. आहे ना! खेळात लागू शकतं, यावर मी सही केली होती. पोरींना डोक्यावर डोकं आपटायला शिकवा, असं त्यात कुठे लिहिलं होतं?

मग पालकांच्या सभेत उभा राहिलो आणि सगळं सांगितलं, माझ्या प्रिंटांसकट. एक गृहस्थ म्हणाले, "तुम्ही चीटिंग केलंत, आणि शिक्षा कोचला?" दोघांनाही व्हावी, मी म्हटलं.

बाहेर एका मुलीची आई मला हिंदीत हळूच म्हणाली, "भाईसाब, वो लिस्ट हमारे फ्रिज पर भी लगी है." दुसऱ्याच दिवशी तिने मुलीला डॉक्टरकडे नेलं. कोच मात्र अजून तेच शिकवतो, आणि माझी पत्रंही थांबलेली नाहीत.

इरा आता सलग वीस मिनिटं वाचते. डॉक्टर बाईंचे आभार मानले, तर त्या म्हणाल्या, "माझे कशाला? तिने सांगितलं म्हणून मला कळलं."

त्या दिवशी ती बोलली नसती, तर मी बोललो असतो का? नाही. बापाची लाज राखायची सोडून तिने स्वतःला वाचवलं, याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

डॉक्टर तुमच्या मुलीला काही विचारतील, तेव्हा तुम्ही उत्तर देऊ नका.