राण्यांनी रिजेक्ट केलेलं झाकण

मार्चमधला दुसरा रविवार. हजर: आमच्या प्लांटमधला मेंटेनन्स फिटर भास्कर पाटील, त्याची बायको मंगल, क्वालिटीचे राणे आणि परचेसची मी. जागा: टोकरखाड्यात भास्करच्या बिल्डिंगखालचं पार्किंग. मधोमध जुनी स्कूटर, मागे दोन चाकं लावलेली.

मंगलचा एक पाय लहानपणीच्या पोलिओने अधू आहे. तिला खानवेलला शिवणवर्ग चालवायचं काम मिळत होतं. हो की नाही ते सोमवारी कळवायचं होतं. बसमध्ये तिला चढवत नाही. स्कूटरसाठी तिची अट एकच: बसताना कोणाचा हात धरणार नाही.

म्हणून भास्करने सीट खाली घेतली. टाकी असते सीटखाली, ती जागाच गेली. मग त्याने पत्र्याची नवी, चपटी टाकी बनवून सीटच्या मागे उंचावर बसवली. उंचावर का, तर या गाडीला पेट्रोलचा पंप नाही. पेट्रोल स्वतःच्या वजनाने खाली इंजिनाकडे उतरतं.

वेल्डिंग भास्करच्या हातचा मळ. अडलं ते पार्टसाठी, आणि ते माझं रोजचं काम. यादी केली. पेट्रोल सुरू-बंद करायचा कॉक आणि त्याची जाळी स्पेअरच्या दुकानात मिळाली. नळी पेट्रोलचीच घेतली. साधी प्लॅस्टिकची कडक होऊन तडकते. झाकण भंगारात सापडलं, तोंडावर अगदी बरोबर बसणारं. राहिला फ्लोट. तो आत तरंगतो आणि किती पेट्रोल उरलं ते काट्यावर दाखवतो. आमच्या चपट्या टाकीत कुठलाच बसेना.

राण्यांनी टाकीत पाणी भरून ती उलटी धरली. झाकणातून एक थेंब पडला. मग दुसरा.

"भोक आहे याला. रिजेक्ट."

"साहेब, सुईएवढं आहे," भास्कर म्हणाला.

"लीक म्हणजे लीक. उद्या वहिनींच्या अंगावर पेट्रोल आलं म्हणजे?"

त्यांनी खिशातून लाल टॅग काढून झाकणाला बांधला. राण्यांच्या खिशात रविवारीसुद्धा टॅग असतो. आमच्या प्लांटमध्ये ड्रम बनतात. थेंब गळला तर माल गेटबाहेर जात नाही. मलाही त्यांचं पटलं. मी बाजारात जाऊन रबरी वॉशरचं, गच्च बसणारं झाकण आणलं. टाकी पुन्हा उलटी केली. थेंब नाही. राणे खूश.

टाकी कोरडी करून पेट्रोल भरलं. मंगल हात न धरता बसली. आम्ही तिघं उगाच इकडेतिकडे बघत राहिलो. कॉलनीला एक चक्कर झाली, दुसरीत गाडी बंद. भास्कर धावला. आत बघायला त्याने झाकण उघडलं तर सुस्स आवाज आला. मग किक मारली, गाडी सुरू. पुढच्या चकरेत पुन्हा बंद.

"काय व्हयनं आते?" भास्कर डोकं खाजवत म्हणाला. त्याने कॉक सोडवून जाळी बघितली. स्वच्छ.

मंगल सीटवरूनच म्हणाली, "राणेभाऊजी, तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल येतं का?"

राण्यांनी नव्या झाकणाकडे बघितलं.

"दुसरं पाडावं लागतं, हवेसाठी. स्वयंपाकघरात कधी गेलात तर दिसेल."

"पण वहिनी, आमचे ड्रम..."

"तुमचे ड्रम गोडाऊनमध्ये बसून असतात. मला खानवेलला जायचंय."

तसंच होतं. पेट्रोल खाली उतरतं तेवढी हवा वरून आत यावी लागते. नाहीतर पेट्रोल अडून बसतं. भंगारातल्या झाकणाचं ते भोक बनवणाऱ्याने मुद्दाम ठेवलेलं होतं.

"गाडी उलटली तर गळेल हो," राणे हळूच म्हणाले.

"मी उलटी करून चालवणार नाही."

राण्यांनी स्वतः ते झाकण शोधून आणलं, पुसलं आणि बसवलं. मंगलने त्यानंतर इतक्या चकरा मारल्या की वॉचमनने आपली खुर्ची वाटेतून बाजूला घेतली. सोमवारी तिने होकार कळवला. आरटीओची तपासणी झाल्यावर ती एकटी खानवेलला गेली. भास्कर बाइकवरून मागे निघाला होता. तिने नाक्यावरूनच त्याला परत पाठवलं.

तेव्हापासून पार्ट परत करण्याआधी मी विचारते, याचं काम काय. राणेही विचारतात. लाल टॅग मात्र मंगलने काढू दिलेला नाही.

फ्लोट अजून मिळालेला नाही. मंगल रोज सकाळी शिवणाची लाकडी पट्टी टाकीत बुडवून पेट्रोल मोजते. परवा म्हणाली, "ताई, कापडाला पेट्रोलचा वास येतोय. बघा काहीतरी."

बघतेय.