बाबांचा अर्धा चिरलेला ओंडका

आमच्या अंगणातला एक ओंडका बोलायचा. फक्त बाबांशी.

बाबा आज सकाळी गेले. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते.

मी फेसबुकवर फारसं लिहीत नाही. पण हे त्यांनी मला एकटीलाच सांगितलं होतं.

पन्नासच्या दशकात आजोबांनी आलापल्लीच्या रस्त्याला आरा मशीन टाकली. एक ऑइल इंजिन, एक गोल आरा आणि दोन मुलगे. आऱ्यावर मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. बाबांचं काम लाकूड तपासायचं. ओंडक्याला कान लावून कुऱ्हाडीच्या दांड्याने तीनदा ठोकायचं. आत पोकळी असली, लोखंड असलं, तर आवाज बदलतो.

बाबा वीस वर्षांचे असताना सागाचा एक मोठा ओंडका आला.

बाबांनी तीनदा ठोकलं.

आवाज चार आले.

ते कान लावून तसेच बसले. मोठेबाबा ओरडले, "काऊन रे, काय ऐकून राह्यला इतका वेळ? तुयी नवरी बसली हाये काय आत?"

बाबांचं लग्न नुकतंच ठरलं होतं. मजूर हसले. बाबा लाजून बाजूला झाले.

"म्या दादाले थांब म्हणायले पाह्यजे होतं वं," बाबा मला म्हणाले होते. "एकच तर शब्द होता."

ओंडका अर्धा चिरला आणि आरा फुटला. कोणीतरी कधीकाळी झाडात लोखंडी खुंटा ठोकला होता, झाड त्याच्यावरून वाढलं होतं. पात्याचा तुकडा मोठेबाबांच्या गळ्याला लागला. दवाखान्यापर्यंत ते पोचले नाहीत.

मशीन पुन्हा सुरू झाली. तो ओंडका मात्र बाबांनी कोणाला चिरू दिला नाही. मिल बंद झाली, तेव्हा घरी आणला.

म्हातारपणी बाबांचे कान पूर्ण गेले. आम्ही पाटीवर लिहून बोलायचो. तरी रोज सकाळी ते ओंडक्याला कान लावायचे, तीनदा ठोकायचे.

मी लिहायचे, "काय म्हणते?"

"थांब म्हणते."

रोज हेच.

आज मी चहा घेऊन गेले, तर कान लावूनच बसलेले. पाटी पुढे केली.

"आज काई नाई म्हणत," बाबा म्हणाले. आणि हसले.

मी कप ठेवून वळले, तेवढ्यात गेले.

दुपारी माणसं त्यांना घेऊन गेली. अंगण रिकामं झालं. मी पहिल्यांदाच त्या ओंडक्याला कान लावला. तीनदा ठोकलं.

तीनच आवाज आले.

बाबा, मोठेबाबांना माझा नमस्कार सांगा.