माझे दहा वर्षांचे गुरुजी

तेराव्या वर्षापर्यंत शाळेतला वर्ग म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हते. नागपुरात, महाल भागातल्या एका देवळाच्या ओवरीत आमची पाठशाळा भरे. आठ वर्षांचा बटू आणि मिसरूड फुटलेला तरुण एकाच सतरंजीवर बसत. गुरुजींनी एकदा म्हणावे, आम्ही दोनदा म्हणावे, अशी संथा चाले. ज्याचा पाठ आधी झाला त्याने तो मागून आलेल्याला द्यायचा, आणि घेणाऱ्याने दुसऱ्या दिवशी त्याला वाकून नमस्कार केल्याशिवाय पुढचा पाठ घ्यायचा नाही, असा तिथला नेम होता. देणारा वयाने लहान असला तरी नेमात सूट नव्हती. मीही माझ्या खांद्याला लागणाऱ्या मुलांना नमस्कार केले होते आणि त्यात कुणालाच नवल वाटले नव्हते.

साठच्या दशकाच्या आरंभी वडिलांनी मला शाळेत घातले. ते कचेरीत कारकून होते. देवाधर्मावाचून तसे इंग्रजीवाचूनही पुढे निभायचे नाही, हे त्यांना रोज दिसत होते. मुख्याध्यापकांनी मला नीट पाहिले, दोन सुभाषिते म्हणवून घेतली, भागाकार घातला आणि दीर्घ श्वास सोडला.

"वयाने हा सातवीचा. पण गणित कच्चे, इंग्रजी मुळीच नाही. तूर्त पाचवीत बसू दे. दिवाळीच्या सुटीनंतर मी स्वतः परीक्षा घेईन. उतरला तर सातवीत, नाही तर वर्षभर तिथेच."

आमच्या गल्लीतले माझे सगळे सवंगडी सातवीत होते. सकाळी आम्ही गप्पा मारीत फाटकापर्यंत एकत्र जात असू. तिथून ते जिना चढून वर जात आणि मी खालच्या पाचवीत शिरे. दिवाळीनंतर तो जिना चढायचा, एवढी एकच इच्छा त्या दिवसांत मी देवापुढे रोज बोलून दाखवीत असे.

पाचवीच्या बाकात माझे गुडघे मावत नसत. पहिल्याच दिवशी मागून आवाज आला, "काहून गा काका, लेकराले सोडाले आले का?"

वर्ग हसला. मीही हसलो, कारण प्रश्न रास्त होता.

माझ्या शेजारी गांधीबागेतल्या एका कापड दुकानदाराचा मुलगा बसे. वय वर्षे दहा, जीभ तिखट आणि गणित बिनचूक. त्याने मधल्या सुटीत मला भागाकार शिकवला. "वरून एक आकडा खाली उतरव. उतरवला? आता भाग दे. घाबरून काहून राहिला, तो काही चावत नाही!" एका दुपारीत मला भागाकार आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पाठशाळेच्या नेमाप्रमाणे, मी हातांची फुली करून उजव्या हाताने त्याच्या उजव्या पायाला व डाव्याने डाव्या पायाला स्पर्श केला. तो किंचाळून बाकावर चढला.

"अबे, काय करून राहिला तू! मोठ्यानं पाया पडलं तं लहानाचं आयुष्य कमी होते! माही माय सांगते!"

"पण तू मला पाठ दिलास."

"दिला तं दिला! मले मरायचं नाही ना बाबा!"

त्या दिवसापासून त्याने शिकवणे बंद केले. मी जवळ सरकलो की तो पाय बाकावर घेऊन मांडी घाली. इकडे दिवाळी जवळ येत होती, अपूर्णांक कळत नव्हते आणि इंग्रजी अक्षरे एकमेकांत मिसळत होती. नमस्कार न करता पाठ घ्यावा, तर नेम मोडतो. नेम पाळावा, तर पाठच मिळत नाही. शेवटी मी पाठशाळेत जाऊन गुरुजींना सारे सांगितले. एरवी अत्यंत गंभीर असणारे आमचे गुरुजी उपरण्यात तोंड लपवून हसले.

"त्याच्या आईचे चूक नाही आणि तुझा नेमही चुकीचा नाही," ते म्हणाले. "तूही त्याला काही शिकव. मग तो तुझ्या पाया पडेल, तू त्याला आयुष्मान हो म्हण. गेलेले परत मिळेल."

हा तोडगा मी त्याला सांगितला. त्याने मान तिरकी करून विचार केला. त्यांच्या दुकानात लक्ष्मीपूजनाला थोरला भाऊ दरवर्षी श्लोक म्हणून भाव खाऊन जाई, हे शल्य त्याच्या मनात होतेच.

"त्याच्याहून लांब श्लोक येते का तुले?"

"पुष्कळ येतात."

"मंग बस इथं."

पहिला श्लोक पाठ झाल्यावर तो वाकला आणि मी मनापासून आशीर्वाद दिला. "आलं का परत?" मी विचारले. छातीवर हात ठेवून तो म्हणाला, "आलं! थोडं जास्तच आलं." तेव्हापासून रोज सकाळी आधी मी वाके, मग तो. हळूहळू हे लोण वर्गात पसरले. एका सकाळी हजेरी घ्यायला आलेल्या मास्तरांना अर्धा वर्ग उरलेल्या अर्ध्या वर्गाच्या पाया पडताना दिसला. ते दारातच थांबले.

ईश्वरकृपेने मी परीक्षेत उतरलो आणि तो जिना चढलो.

सातवीच्या बाकात गुडघे मावले. माझे सवंगडी होते, काका म्हणणारे कोणी नव्हते. मात्र एक गोष्ट निराळी होती. सगळे एकाच वयाचे, त्यामुळे कोण वरचढ याची चुरस अखंड चाले. माझ्या शेजारचा मुलगा गणित सोडवताना वहीभोवती हाताचे कुंपण घाली. मी विचारले, तर म्हणाला, "तुह्यं तू पाह्य ना."

तेवढ्यात मधल्या सुटीची घंटा झाली आणि दारात माझे दहा वर्षांचे गुरुजी उभे राहिले. सगळ्या सातवीदेखत ते आत आले. "नवा श्लोक पाहिजे. भावानं माहे सगळे पाठ केले," असे म्हणून त्यांनी हातांची फुली केली आणि ते वाकले. मोठी मुले खो खो हसली. मी आशीर्वाद दिला आणि तिथेच, सर्वांसमोर, स्वतः वाकून त्यांच्या पायांना शिवलो. हसणे थोडे ओसरले. त्यांना बाकावर बसवून मी श्लोक दिला. ते ऐटीत निघून गेले.

शेजारचा मुलगा ते दाराबाहेर जाईपर्यंत पाहत राहिला. मग वहीवरचा हात काढून त्याने ती माझ्याकडे सरकवली.

"पाह्य, हे असं सोडवाचं. पण एक सांगून ठेवतो," तो म्हणाला, "मी तुह्याहून दोन महिने लहान आहो. पाया नको पडू गा."